विश्रांतीचे शास्त्र आणि आईचा गुडघा

आईच्या डाव्या गुडघ्याची वाटी १९८६ साली फुटली. पाय दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता. ते काढल्यावर रोज थोडा थोडा वाकवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण वाकवताना ती कळवळायची, म्हणून आम्ही वाकवू दिला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या अंथरुणाशी नेऊन द्यायचो. गुडघा आखडला तो कायमचाच. पुढली एकोणीस वर्षे ती गौरींसमोर खुर्चीवर, एक पाय लांब करून बसली.

गेल्या वर्षी माझाच उजवा गुडघा बदलायचे ठरले, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी इतिहास शोधायला बसलो. मी वैद्यक शिकलेलो नाही. ग्रंथालये आणि जुनी नियतकालिके हीच माझी शाळा. या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा धातू आणि प्लॅस्टिकचा म्हणून सांगितला जातो. मला तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांचा वाटतो.

१८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. सुरुवातीला रुग्णांना आराम वाटला. पण सांध्यातला क्षय आत जिवंतच होता. संसर्ग उसळला आणि प्रयोग फसला. एर्न्स्ट फोन बेर्गमान या वरिष्ठांनी ग्लुकना कडाडून विरोध केला. बेर्गमानना खलनायक ठरवण्याचा मोह होतो, पण त्यांची भीती खोटी नव्हती. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ उजाडायचे होते. माझ्या तपासण्यांत साखर, लघवी, छातीचा फोटो सगळे ठीक निघाले, आणि एका किडक्या दाढेपायी तारीख तीन आठवडे पुढे गेली. मी वैतागलो होतो. ग्लुक वाचल्यावर गप्प बसलो.

बिजागरी नुसती उघडते आणि मिटते. खरा गुडघा वाकताना घसरतो, किंचित वळतोही. हे ओळखून फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या शल्यविशारदाने १९६८ साली इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात बिजागरीच सोडून दिली. १९७४ साली न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि आपल्या इंदूरला वैद्यक शिकलेले चित्तरंजन राणावत यांच्या कामातून आजच्या गुडघ्याचा पूर्वज आला. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा राणावतांनीच बदलला, तेव्हा ही शस्त्रक्रिया आपल्याकडे ओट्यावरच्या गप्पांत आली.

आमच्या घरातल्या ‘पडून राहा’ला मात्र मोठी वंशावळ आहे. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हाडे बसवणाऱ्यांच्या घराण्यातले. दुखऱ्या सांध्याला संपूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, हा त्यांचा आग्रह; १८७५ चा त्यांचा ग्रंथ त्याच विचाराचा. क्षयाच्या सांध्यांना ते लागूही पडे. पण तोच नियम सरसकट सगळ्या सांध्यांना लावला गेला. त्याला उघड आव्हान दिले ते टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी, १९७० नंतर. त्यांनी सशांच्या गुडघ्यांतल्या कूर्चेला इजा केली. काही गुडघे प्लॅस्टरमध्ये जखडले, काही यंत्राने संथपणे हलवत ठेवले. हलते गुडघे कितीतरी चांगले भरून आले. पुढे तशी यंत्रे रुग्णांच्या खाटांवर आली. त्यांचा माणसाच्या बदललेल्या गुडघ्याला फारसा जादा लाभ होत नाही, असे नंतर दिसले. रुग्णाने स्वतः पाय हलवणे हेच मुख्य ठरले. आईचा १९८६ चा डॉक्टर म्हणजे काळाच्या बरोबर होता. मागे होतो ते आम्ही.

शस्त्रक्रियेआधी सहा आठवडे मी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबत होतो, मांडीचा पुढचा स्नायू तयार व्हावा म्हणून. घरातल्या सतरंज्या उचलल्या, कमोड उंच करून घेतला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो. वाकवण्याचे दुखणे आईला कसे असेल ते तेव्हा कळले; फिजिओथेरपिस्ट मुलगी आकडे मोजायची आणि मी दात आवळून बसायचो. पंधराव्या दिवशी नव्वद अंश. मांडी घालून जमिनीवर बसायला मात्र मलाही मनाई आहे.

तिसऱ्या आठवड्यात पत्नीने पाण्याचा तांब्या माझ्या खाटेशी आणायचे बंद केले. मी थोडा रागावलो, मग वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याशी उभ्यानेच पाणी प्यालो.