इलेक्ट्रिक ट्रॅक्टर: कंट्रोलरची जोडणी कशी असते, करंट तोडणारे स्विच का महत्त्वाचे?

डिझेल ट्रॅक्टर बंद करायचा तर डिझेल अडवलं की भागतं. इलेक्ट्रिक ट्रॅक्टरमध्ये अडवायचा असतो बॅटरीचा करंट. ७२ व्होल्टच्या बॅटरीवर १० किलोवॅटची मोटर पूर्ण लोडवर चालली, तर साधारण १४० अँपिअर करंट ओढते. ट्रॅक्टर कंपनीचा असो की गावात जुन्याचा बनवलेला, हा करंट वेळेवर तुटला नाही तर जिवावर बेतू शकतं.

करंटची वाट

बॅटरीच्या प्लसजवळ आधी फ्यूज, पुढे मेन कॉन्टॅक्टर, मग कंट्रोलर. करंट कंट्रोलरमधून बॅटरीच्या मायनसला परत येतो. थ्री फेज मोटर असेल तर कंट्रोलरमधून तीन जाड केबल मोटरकडे जातात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा कुठे घासून शॉर्ट झाला, तर त्याला वाचवणारं काही नसतं.

कॉन्टॅक्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरचाच भाऊ. कॉइलला करंट मिळाला की आतले पॉइंट जुळतात, गेला की सुटतात.

प्रीचार्ज कशासाठी?

कंट्रोलरमध्ये कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना थेट बॅटरी जोडली, तर क्षणभर प्रचंड करंट धावतो आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट वितळून चिकटू शकतात. मग चावी बंद केली तरी करंट चालूच! म्हणून आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू भरतात आणि नंतरच कॉन्टॅक्टर ओढला जातो.

सुरक्षेची साखळी

चावी, लाल इमर्जन्सी बटण आणि सीटखालचा स्विच हे कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीवर एकामागे एक जोडतात. यातला एकही उघडला की कॉइल सुटते. इमर्जन्सी बटण नुसतं कंट्रोलरला सूचना देणारं असेल तर ते पुरेसं नाही. कंट्रोलरच बिघडला तर सूचना ऐकणार कोण? सीट स्विचला थोडा उशीर ठेवतात, म्हणजे ढेकळावर उसळी बसली तरी ट्रॅक्टर अधेमधे बंद पडत नाही.

पॅडल दाबलेलं असताना चावी फिरवली तर ट्रॅक्टर हलू नये, ही सोय कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये चालू असावी.

स्टार्टरच्या बटणात काडी खोचून मोटर चालवायची सवय अनेकांना असते. सीट स्विच शॉर्ट करणं हा तोच प्रकार. पीटीओवर यंत्र चालू असताना चालक घसरून पडला, तर मोटर थांबवणारा तोच स्विच असतो.

घरचा एमसीबी का चालत नाही?

घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना उडालेली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येत नाही, ठिणगी ताणत राहते आणि आग लागू शकते. फ्यूज, ब्रेकर, कॉन्टॅक्टर सगळे त्या व्होल्टेजच्या डीसीसाठीचेच घ्यावेत.

हे लक्षात ठेवा

• लाल बटण म्हणजे ब्रेक नव्हे. उतारावर ट्रॅक्टर घरंगळू शकतो, हँडब्रेक ओढलाच पाहिजे.
• करंट तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मल्टिमीटरने व्होल्ट उतरल्याची खात्री करूनच हात लावा.
• काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.
• ढिल्या लगमुळे केबल तापते. नांगरणीनंतर जोड गरम लागला तर आधी तो दुरुस्त करा.

शेतात नेण्याआधी मागची चाकं जॅकवर उचलून पक्का आधार द्या आणि पुढची चाकं अडवा. मोटर हळू फिरवून प्रत्येक स्विच एकेक करून तपासा. एकानेही मोटर थांबली नाही, तर ट्रॅक्टर घरीच राहू द्या आणि जाणकार मिस्त्रीला दाखवा.