नाजीचा जनाजा

१७ ऑगस्ट १९७३ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, डेलानो नावाच्या द्राक्षांच्या गावात एक जनाजा निघाला. मागे हजारो माणसं चालत होती. कोणी सात हजार सांगतं, कोणी दहा. त्यातले बहुतेक मेक्सिकन शेतमजूर, म्हणजे कॅथलिक. बरोबर फिलिपिनो होते, अरब होते. काहींच्या हातात काळ्या गरुडाचे युनियनचे लाल झेंडे, अरबांच्या हातात इजिप्तच्या गमाल अब्दुल नासर यांची तसबीर. मय्यत होती नागी दैफुल्ला या येमेनी तरुणाची. वय चोवीसच्या आसपास.

उर्दूची शिक्षिका असल्यामुळे मी आधी नावाशीच अडखळले. नागी म्हणजे आपला नाजी. येमेनच्या काही भागांत जीमचा उच्चार 'ग' करतात. नाजी म्हणजे वाचलेला, सुटका झालेला. दैफुल्ला म्हणजे अल्लाहचा पाहुणा.

येमेन आपल्याला तितकासा परका नाही. मराठवाड्यातल्या चाऊस मंडळींचे पूर्वज निजामाच्या फौजेत चाकरीला आले ते तिकडूनच, हद्रमौतहून. एडन बंदराचा कारभार कित्येक वर्षं मुंबई इलाख्यातून चालायचा. पोटासाठी घर सोडणं हे त्या डोंगराळ मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. १९६२ पासून उत्तर येमेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचे नियम सैल केले, आणि येमेनी तरुण थेट कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत पोचू लागले. बायकापोरं गावी, आपण मळ्यावरच्या छावणीत. हिवाळ्यात द्राक्षवेलींची छाटणी, उन्हाळ्यात तोडणी, उरलेला पैसा घरी.

छावणीचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. मळेवाल्यांनी मजुरांच्या टोळ्या देशांप्रमाणे वेगळ्या ठेवल्या होत्या. मेक्सिकन वेगळे, फिलिपिनो वेगळे, अरब वेगळे, आणि प्रत्येक टोळीवर बहुधा त्यांच्याच भाषेचा मुकादम. मालकाचं म्हणणं मजुरापर्यंत आणि मजुराचं मालकापर्यंत जायचं ते मुकादमाच्या तोंडूनच. एका टोळीने संप केला की दुसरी आणून उभी करायची. दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, मग समजावणार कोण? आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं दिवाळीनंतर वर्गातून गायब होतात. उचल, मुकादम, फड हे शब्द त्यांना माझ्या पाठ्यपुस्तकाआधी येतात. त्यामुळे डेलानोचा मुकादम मला फार शोधावा लागला नाही.

कायद्याचा आधार म्हणाल तर तोही नव्हता. कामगारांना युनियन करण्याचा हक्क देणारा अमेरिकेचा १९३५ चा कायदा शेतमजुरांना मुद्दाम वगळून झाला होता. १९४२ ते १९६४ या काळात तर 'ब्रासेरो' योजनेखाली लाखो मेक्सिकन मजूर कराराने आणले गेले. तक्रार करणाऱ्याला परत पाठवायचं, नवा आणायचा.

ही भिंत पहिल्यांदा फोडली ती फिलिपिनोंनी. ८ सप्टेंबर १९६५ ला लॅरी इत्लियाँग यांच्या नेतृत्वाखाली डेलानोतल्या द्राक्षमजुरांनी काम थांबवलं. मागणी तासाला १ डॉलर ४० सेंटची. पण मेक्सिकन मजूर कामावर गेले असते तर हा संप आठवडाभरात मोडला असता, हे इत्लियाँग यांना पक्कं ठाऊक होतं. ते सेझार चावेझ यांच्याकडे गेले. १६ सप्टेंबरला मेक्सिकन संघटनाही संपात उतरली. पुढचा इतिहास चावेझ यांच्या नावाने सांगितला जातो: १९६६ ची सॅक्रामेंटोपर्यंतची पदयात्रा, गांधीजींचं नाव घेऊन १९६८ मध्ये केलेला २५ दिवसांचा उपास, देशभर द्राक्षांवर बहिष्कार. जुलै १९७० मध्ये डेलानोचे मोठे मळेवाले करारावर सही करायला बसले. सुरुवात करणारे इत्लियाँग मात्र १९७१ मध्येच युनियनमधून बाहेर पडले. चळवळींना एक चेहरा लागतो, मान्य. पण त्यापायी बाकीचे चेहरे पुसले जातात, त्याचं काय?

नाजी अमेरिकेत आला तेव्हा विशीत होता. पाच फुटांच्या आसपास उंची, किरकोळ अंगाचा. इंग्रजी शिकला, स्पॅनिशही शिकला. युनियनची सभा झाली की स्पॅनिशमधलं बोलणं येमेनी मजुरांना अरबीत सांगायचं, त्यांचं म्हणणं परत पोचवायचं, हे काम त्याच्याकडे आलं. बी.एड.ला 'भाषा हे संप्रेषणाचे साधन आहे' हे वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. माझ्या वर्गातल्या मुली मात्र ते रोज जगतात. रेशनच्या दुकानात, तहसीलच्या खिडकीशी आजीचं बोलणं मराठीत आणि साहेबाचं बोलणं दखनीत करून सांगतात. आपण काही मोठं करतोय हे त्यांच्या गावीही नसतं. नाजी मुकादमाला वळसा घालत होता. टोळ्या वेगळ्या ठेवण्याची सगळी व्यवस्था ज्या मौनावर उभी होती, ते तो मोडत होता.

१९७३ मध्ये करारांची मुदत संपली. मळेवाल्यांनी ते नवे केले नाहीत. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स या बलाढ्य युनियनशी परस्पर करार केले. मजुरांना विचारलंही नाही. त्या उन्हाळ्यात पुन्हा संप पेटला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं तुरुंगात गेली. ऑगस्टच्या मध्यात एका रात्री लॅमाँट गावातल्या एका कॅफेबाहेर काही संपकरी जमले असताना शेरीफचे लोक आले. तिथे काय झालं याबद्दल पोलीस एक सांगत, मजूर दुसरं. वाद नाही तो इतकाच की एका डेप्युटीने धातूची लांब विजेरी नाजीच्या डोक्यात घातली. १५ ऑगस्टला तो गेला. डेप्युटीला शिक्षा झाली नाही. दुसऱ्या दिवशी आर्विनजवळ संपाच्या रांगेत उभ्या असलेल्या हुआन दे ला क्रूझ या साठीच्या मेक्सिकन मजुराला गोळी लागली, त्याचाही जीव गेला. चावेझ यांनी मळ्यांवरची निदर्शनं थांबवली आणि माणसं पुन्हा शहरोशहरी बहिष्काराच्या कामाला पाठवली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना गुप्त मतदानाने आपली युनियन निवडण्याचा हक्क देणारा कायदा केला.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. १९७४ मध्ये याच युनियनने कागदपत्रं नसलेल्या मजुरांविरुद्ध मोहीम चालवली, सरकारला त्यांचे पत्ते कळवले. कारण सरळ होतं: मळेवाले संप फोडायला त्यांनाच आणत होते. तरीही, परमुलखातून आलेल्या मजुराला आपल्यात घेता येतं हे ज्यांनी येमेनींच्या बाबतीत करून दाखवलं, तेच वर्षभरात दुसऱ्या परमुलखी मजुराला पकडून द्यायला निघाले. युनियनने पुढे ही भूमिका बदलली. चळवळीवर प्रेम करणारे लोक हे पान पटकन उलटतात. मला ते जमत नाही.

नाजीची अंत्ययात्रा ज्या 'फॉर्टी एकर्स' या युनियनच्या आवारात पोचली, तिथे दुसऱ्या वर्षी एक इमारत उभी राहिली. आयुष्य मळ्यांत गेलेल्या, लग्न-संसार न करता आलेल्या म्हाताऱ्या फिलिपिनो मजुरांना राहण्यासाठी. तिला पावलो अगबायानी यांचं नाव आहे. ते १९६७ मध्ये संपाच्या रांगेतच वारले. नाजीचं पार्थिव येमेनला पाठवण्यात आलं.