‘लीलावती’तील दोन दाते

जमाखर्चाची वही तपासताना आपली दृष्टी बहुधा शिलकेवर स्थिरावते. रकमा कोणत्या चालीने वाढत आहेत, हे क्वचितच पाहिले जाते. ही चाल ओळखण्याचे गणित भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’च्या श्रेढीव्यवहारात आहे. तेथील दोन उदाहरणे दानाचीच आहेत, हे महाजनांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो व रोज ५ द्रम्म वाढवीत पंधरवडाभर देत राहतो. पहिली रक्कम हा ‘आदि’, रोजची वाढ हा ‘चय’, दिवसांची संख्या हा ‘गच्छ’. शेवटच्या दिवशी ७४ द्रम्म पडतात, मधल्या दिवशी ३९. ३९ ला १५ ने गुणले की एकूण दान ५८५.

दुसऱ्याचा आरंभ फारच माफक आहे. पहिल्या दिवशी २ कवड्या, आणि पुढे रोज दुप्पट, असे वचन तो याचकांना महिन्यापुरते देतो. बिचारा! त्याचे देणे २,१४,७४,८३,६४६ कवड्यांवर, म्हणजे १,०४,८५७ निष्कांहून वर जाते. तीस वेळा दुप्पट करण्याचे श्रम मात्र आचार्य देत नाहीत. गच्छ सम असल्यास निम्मा करून ‘वर्ग’ लिहावे, विषम असल्यास एक उणा करून ‘गुण’ लिहावे. शून्यापर्यंत उतरून त्याच कृती उलट क्रमाने कराव्यात. तिसाचा हिशेब आठ पायऱ्यांत उरकतो.

आचार्यांचे नातू चंगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी खानदेशातील पाटण येथे मठ स्थापिला. त्याला मिळालेल्या नेमणुकांचा शिलालेख तेथील देवीच्या मंदिरात आहे. नेमणुकांच्या वह्या आपणही चालवितो. लगतच्या रकमांची वजाबाकी सारखी आली तर पहिली चाल, भागाकार सारखा आला तर दुसरी. पण आरंभी दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात: १००, ११०, १२० आणि १००, ११०, १२१. तिसऱ्या वर्षी फरक एका रुपयाचा. विसाव्या वर्षी एकीकडे २९०, दुसरीकडे सुमारे ६१२.

समजा, नंदादीपाच्या ठेवीचे व्याज वर्षाला २०० रुपये ठरीव आहे. त्याचा चय शून्य. तेलाचा खर्च पहिल्या चालीने वाढला तर बाराव्या वर्षी व्याज अपुरे पडते, दुसऱ्या चालीने नवव्याच वर्षी. कारकुनीत असताना बेरीज जुळली की मी वही मिटवीत असे. वजाबाकी व भागाकार यांचे दोन रकाने शेजारी आखण्याची सवय मला निवृत्तीनंतर लागली.