वय थांबलेल्यांचे दुःख

'व्हॅम्पायर'ला मराठीत नेमका शब्द नाही. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये आपल्या वेताळकथांना इंग्रजीत 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' असे नाव दिले खरे. पण वेताळ गोष्टी सांगतो, कोडी घालतो, रक्तासाठी कुणाच्या मागे लागत नाही. जपानी भाषेत 'क्युकेत्सुकी', म्हणजे रक्त शोषणारे भूत, असा जोडशब्द आहे. तरीही तिथे हा प्राणी पश्चिमेकडून आलेला पाहुणाच राहिला. जपानी ॲनिमेशनमधील व्हॅम्पायर इतका उदास का, याचे एक उत्तर मला या उपरेपणात दिसते. दुसरे, अधिक महत्त्वाचे उत्तर काळाशी निगडित आहे.

त्याची पूर्वपीठिका चित्रकथेत सापडते. मोतो हागिओ यांनी १९७२ मध्ये 'पो नो इचिझोकु' (पो घराणे) ही मालिका सुरू केली. तिच्यातील दोन मुलांची नावे एडगर आणि ॲलन. ती कुठून आली हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. एडगर कायमचा चौदा वर्षांचा. भोवतालची माणसे वाढतात, मरतात. १९७६ मध्ये थांबलेली ही मालिका हागिओंनी २०१६ मध्ये पुन्हा हाती घेतली, तेव्हा तिच्या पहिल्या वाचक मुली पन्नाशीपलीकडे पोहोचल्या होत्या. एडगर मात्र होता तिथेच होता.

१९८३ पासून जपानमध्ये थेट व्हिडिओ कॅसेटवर प्रसिद्ध होणारे ॲनिमेशन सुरू झाले आणि दूरचित्रवाणीच्या बंधनांबाहेर प्रौढ प्रेक्षकांसाठी काही करणे शक्य झाले. तोशिहिरो हिरानो यांची 'व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू' (१९८८) ही अवघ्या चार भागांची मालिका याच वाटेने आली. तिचा पहिला भाग क्योतोमध्ये घडतो. मुलीच्या वयाची दिसणारी मियू माणसांच्या जगात भटकलेल्या 'शिन्मां'ना अंधारात परत पाठवते, आणि जगणे ज्यांना सोसवत नाही त्यांचे रक्त घेऊन मोबदल्यात चिरंतन स्वप्न देते. हा खून की दया, हे तिच्या मागावर असलेल्या हिमिकोला ठरवता येत नाही, आपल्यालाही नाही. १९६३ मध्ये तेझुकांच्या 'तेत्सुवान आतोमु'ने कमी चित्रांत काम भागवण्याची काटकसर रूढ केली होती. तीच काटकसर इथे स्तब्धता होऊन येते: न हलणारा चेहरा, आणि त्यावर केंजी कावाईंचे संगीत.

२००० मधील 'ब्लड: द लास्ट व्हॅम्पायर' तंत्राच्या दृष्टीने देखणा आहे, पण मला कोरडा वाटतो. त्याच वर्षी आलेल्या योशिआकी कावाजिरींच्या 'व्हॅम्पायर हंटर डी: ब्लडलस्ट'चे तसे नाही. हिदेयुकी किकुची यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात अर्धा मानव, अर्धा व्हॅम्पायर असलेला डी आणि शिकारी लैला यांच्यात एक करार होतो: जो मागे उरेल त्याने दुसऱ्याच्या थडग्यावर फुले आणायची. आपल्यासाठी रडायला कुणी नसेल, ही लैलाची भीती. शेवटी तिच्या दफनविधीला डी येतो, अनेक वर्षांनंतरही तसाच तरुण. तिथे शोक करणारी माणसे जमलेली असतात. लैलाची नात त्याला थांबायचा आग्रह करते. तो नकार देतो आणि निघून जातो.