गळक्या कॉकचं कूळ

जुन्या मोटारसायकलीखाली पेट्रोलचा डाग दिसला की बहुतेक जण थेट कार्बोरेटर उघडायला बसतात. त्याआधी टाकीखालच्या कॉककडे पाहावं आणि तो कुठल्या घराण्यातला आहे ते ओळखावं. पितळी, बुचाचा, रबरी आणि पडद्याचा अशी याची चार घराणी आहेत आणि प्रत्येकाची गळण्याची रीत वेगळी आहे.

मुळात हा कॉक लागतो कशाला? विल्हेल्म मायबाखने 1893 मध्ये फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला. त्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. पातळी वर आली की फ्लोट एक सुई दाबतो आणि वाट बंद होते. पण सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी वाट उघडी राहते. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, त्यामुळे रात्रभरात पेट्रोल बाहेर सांडतं, नाहीतर इंजिनात उतरतं. सिलिंडर भरला तर किक हलत नाही. चार स्ट्रोकच्या गाडीत ऑइल पातळ होतं. म्हणून सुईच्या भरवशावर न राहता टाकीखाली वेगळा बंदोबस्त करावा लागला.

पहिलं घराणं पितळी, आणि त्याचं मूळ फार जुनं. भोक पाडलेला खुंटा फिरवून पाणी सोडायच्या काशाच्या तोट्या रोमन लोक वापरत. पॉम्पेईत त्या सापडल्या आहेत. मोटारसायकलीवर आला तो निमुळत्या खुंट्याचा पितळी कॉक. यात धातूवर धातू बसतो. खुंट्यावर ओरखडा उठला की थेंब सुरू. उपाय एकच: बारीक पेस्ट लावून खुंटा त्याच्याच घरात घासून बसवायचा.

दुसरं घराणं बुचाचं. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर ओढायचे-ढकलायचे कॉक असत, त्यांतले इव्हार्ट्सचे प्रसिद्ध. दांड्यावर बसवलेलं बूच पेट्रोलमध्ये भिजून फुगलेलं असतं तोवर एक थेंब सुटत नाही. गाडी महिनोन्महिने रिकामी उभी राहिली की बूच सुकून आक्रसतं. म्हणजे हा कॉक वापरून कमी आणि पडून राहून जास्त बिघडतो. असं बूच गरम पाण्यात फुगवून पुन्हा कामाला लावतात. यांतल्या बऱ्याच गाड्यांवर कॉक दोन असत. एक रोजचा, दुसरा राखीव साठ्याचा.

पुढे दोन्ही कामं एकाच कॉकमध्ये आली. टाकीच्या आत दोन नळ्या: मुख्य नळी उंच, रिझर्व्हची आखूड. उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेलं की गाडी आचके देते, आणि चालत्या गाडीवरच डावा हात खाली जाऊन चावी फिरवतो. आकुर्डीला बनलेल्या चेतक स्कूटरवर हीच चावी सीटखाली होती. पेट्रोलचा काटा नसलेल्या गाड्यांची अख्खी पिढी या दोन नळ्यांवर चालली.

ही चावी सैल फिरूनही गळू नये, हे साधलं रबराने. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. 1930 च्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर तयार झालं. त्याच दशकात डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सनने अमेरिकेत ओ-रिंगचं पेटंट मिळवलं. चार भोकांची रबरी चकती असलेले जपानी धाटणीचे कॉक याच कुळातले. यांत रबर कडक होतं, त्यावर चावीचा वण पडतो. चावीच्या कडेने ओल दिसली तर हीच चकती तपासा. टाकीच्या जोडापाशी ओल असेल तर तिथली ओ-रिंग.

चौथं घराणं पडद्याचं. इंजिन चालू असताना हवेच्या ओढीने पडदा उचलला जातो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन थांबलं की आपोआप बंद. अशा कॉकवर बऱ्याचदा ‘ऑफ’ नसतोच. पडद्याला सुईएवढं भोक पडलं तर बाहेर काहीच दिसत नाही. पेट्रोल हवेच्या नळीतून गुपचूप इंजिनात जातं. ती नळी काढून पाहावी. आतून ओली असेल तर निदान झालं.

बाकीच्या कॉकची परीक्षा सोपी आहे. कॉक बंद करून पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून सोडवा, बाटलीत धरा, मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब. बाटलीत थेंब पडत राहिले तर दोष कॉकचा. बाटली कोरडी राहिली पण नळी जोडून कॉक उघडल्यावर कार्बोरेटर वाहतो, तर दोष सुईचा किंवा फ्लोटचा.

2020 मध्ये बीएस-6 आलं, इंजेक्शन आलं, पंप टाकीत गेला आणि बहुतेक नव्या गाड्यांवरून कॉक उतरला. जुन्यांपुढे मात्र नवा पेच आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. जुनं रबर ते सोसेलच असं नाही. त्यामुळे दुरुस्तीचं किट घेताना कॉकच्या मॉडेलइतकीच रबराच्या जातीची चौकशी करावी. 1957 पासून बाजारात असलेलं व्हायटनसारखं फ्लुरो-रबर इथेनॉलपुढे नायट्राइलपेक्षा जास्त टिकतं. नाहीतर जुन्याच जातीचं रबर घातलेला नवाकोरा कॉकही लवकरच गळू लागेल.