आवळ्याच्या रसाने पांढऱ्या पेशी वाढतात का?

कार्तिकात बाजारात आवळे आले की जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांत धडधाकट माणसं असतात, तसेच टाटाला केमो घेऊन आलेले पेशंटही असतात. दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

ऐकीव गोष्टीला थोडा आधार नक्की आहे. 2002 मध्ये भारतीय संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लिम्फोसाइट म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. प्रयोगशाळेत या पेशींवर क्रोमियम हे विषारी रसायन टाकलं, तेव्हा त्या मरू लागल्या. सोबत आवळ्याचा अर्क घातला, तेव्हा हे नुकसान बरंच कमी झालं आणि पेशींचं कामही सुधारलं. आवळ्यातलं क जीवनसत्त्व आणि तुरट द्रव्यं पेशी जाळणाऱ्या रसायनांना निष्प्रभ करतात, असा त्याचा अर्थ.

पण हे सगळं झालं ते शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात. तिथे अर्क थेट पेशींवर पडतो. तुम्ही रस पिता तेव्हा तो जठर, आतडी आणि यकृतातून जातो. त्यातली बरीच द्रव्यं तुटतात, बदलतात आणि रक्तात फार थोडी पोहोचतात. पानावर केलेली फवारणी आणि ठिबकमधून सोडलेलं खत यांचा परिणाम सारखा नसतो, हे केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात, कारण हाडांच्या मगजात नव्या पेशी तयार होण्याचं कामच काही दिवस मंदावतं. आवळा त्या कामाला वेग देतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. गरज असेल तेव्हा कॅन्सरचे डॉक्टर त्यासाठी वेगळं इंजेक्शन देतात.

केमो सुरू असेल तर

डोस झाल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांत पेशी सर्वात खाली जातात. या काळात ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर काढा, रस, क्रोसिन असे प्रयोग करत सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा, केमोची फाइल सोबत न्या आणि "केमो चालू आहे" हे दारातच सांगा. अशा पेशंटला अँटिबायोटिक तासाभरात मिळायला हवं. उशीर जिवावर बेततो. गाडीवरचा रस आणि न धुतलेली, कापून ठेवलेली फळं या दिवसांत बंदच ठेवा. घरातलं स्वच्छ धुतलेलं फळ चालेल का, ते तुमचा काउंट पाहून डॉक्टर सांगतील.

किडनी बदलली असेल किंवा संधिवाताची औषधं चालू असतील तर

इथे उलटा पेच आहे. तुमची औषधं प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. ती "वाढवणारं" काहीही डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका, आणि रस घेतोय म्हणून गोळ्या तर मुळीच थांबवू नका. टॅक्रोलिमस घेत असाल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. त्यांच्यामुळे रक्तात या औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते.

नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, असंही नसतं. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तरीही थायरॉइडसारखा आजार असेल किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असेल, तर मी तरी गुळवेल घेऊ देत नाही.

बाकीच्यांनी आवळा खावा का?

खुशाल खा. पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्व स्वतःत साठवून ठेवतात आणि त्याची कमतरता असली की त्यांचं काम मंदावतं. मोठ्या पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम, बाईला 65 मिलिग्रॅम पुरतं. 100 ग्रॅम आवळ्यात ते 250 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एक-दोन आवळ्यांत काम झालं. आवळा नसेल तर पेरू खा. त्याहून जास्त घेतल्याने पेशी जास्त बळकट होत नाहीत. उलट जास्तीच्या क जीवनसत्त्वापासून ऑक्झलेट बनतं, आणि मुतखडा होऊन गेलेल्यांना ते नको असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नकोच. मोरावळा आणि कँडीत साखर भरपूर असते, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोजचा रस सुरू करण्याआधी विचारा.

बाटलीबंद रस किंवा पावडर आधीच घेत असाल, तर पुढच्या तपासणीला ती बाटली सोबत आणा आणि रोज किती घेता ते सांगा. त्यातले घटक लेबलवर पाहता येतात, आणि सीबीसी, साखर किंवा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बदलला असेल तर कारण शोधणं सोपं जातं.