किंमत घराची की घरातल्या माणसांची?

गृहकर्जाचा अर्ज केला की बँकेचा व्हॅल्युअर घरी येतो. मोजमाप घेतो, भिंतीची ओल बघतो, किचन-बेडरूमचे फोटो काढतो. देवघर, भिंतीवरची तसबीर, दोरीवरचे कपडे, सगळं त्या फोटोत जातं. आपण चहा विचारतो, विषय संपतो. अमेरिकेत मात्र हा विषय नव्वद वर्षं झाली तरी संपलेला नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत तिथं लोकांचे हप्ते थकले, घरं जप्तीला आली. १९३३ मध्ये सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. या महामंडळानं दोनशेहून जास्त शहरांच्या वस्त्यांची चार श्रेणींत वर्गवारी केली. सगळ्यात खालची श्रेणी नकाशावर लाल रंगात. वस्तीत कृष्णवर्णीय किती, परदेशातून आलेले किती, याचे रकानेच तक्त्यात होते. १९३४ ला आलेल्या फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशननं तर कडी केली. वेगळ्या वंशाची माणसं शेजारी आली की किंमत पडते, हे त्यांच्या नियमपुस्तकातच होतं.

१९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्यानं असा भेदभाव बेकायदा ठरवला. कागदावरचा रकाना गेला, पण किंमत काढणारा माणूस घरात येतच राहिला. गेल्या काही वर्षांत अनेक कृष्णवर्णीय घरमालकांनी उघड सांगितलं, की कुटुंबाचे फोटो काढून ठेवले, गोऱ्या मित्राला घरमालक म्हणून उभं केलं, तर त्याच घराची किंमत वाढून आली! काहीजण कोर्टात गेले. २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारला यासाठी कृतिदल नेमावं लागलं.

आणि २०२० च्या कोरोनाकाळात तिथं अनेक घरांची किंमत बाहेरून बघून किंवा नुसत्या कागदपत्रांवर काढायला परवानगी मिळाली. म्हणजे दरवेळी आत शिरावंच लागतं असंही नाही.

आता आपलं बघा. आपल्याकडं भिंतीवरची तसबीर आडनावाआधी जात सांगते. तडे, ओल, वाढीव बांधकाम बघणं हा बँकेचा हक्कच आहे, शेवटी पैसा ठेवीदारांचा असतो. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच सांगितलंय. कामापुरतीच माहिती घ्यावी, हे तत्त्व २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी चहा जरूर द्या. पण ओळखपत्र बघा, आणि कशाचे फोटो काढताय, ते कुठं जाणार, हेही विचारा. कर्ज आपण फेडणार आहोत, विचारायला लाज कसली?